कुंभाराची बोटं, सोनाराचा विस्तव

हुपरीतल्या एका घराच्या ओसरीवर आण्णांनी माझ्या हातातलं चांदीचं आपट्याचं पान घेतलं. उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी फिरवलं. शिरा पाहिल्या, देठ पाहिला. मग दोन अंगठ्यांच्या मध्ये धरून त्याला जरासा बाक द्यायला गेले, आणि पान भाजलेल्या पापडासारखं मधोमध तुटलं. वरून लखलखणारी चांदी तुटलेल्या कडेला खडूसारखी दिसत होती, रवाळ आणि भुरकट.

“हे भाजलंच न्हाई, ताई,” आण्णा म्हणाले. “कच्चं हाय.”

हुपरी म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं चांदीचं गाव. इथले पैंजण देशभर जातात. आण्णांच्या घरात हे काम आजोबांपासून चालत आलेलं. मळता येते अशी चांदी त्यांनी त्या दिवसापर्यंत पाहिलेली नव्हती. कणकेसारखी लाटायची, हव्या त्या आकाराची करायची, वाळवायची आणि भाजायची, की माती जाऊन चांदी उरते, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते नुसते ऐकत होते. पण तुकडा हाती येताच दोष त्यांनी दोन शब्दांत सांगितला. आणि मला थबकायला लावलं ते त्यातल्या एका शब्दाने. चांदी खोटी असते, हिणकस असते, ठिसूळ असते. ‘कच्चं’ मात्र मडकं असतं.

तुटलेले दोन्ही तुकडे मी पर्समध्ये टाकणार होते. आण्णांनी हात पुढे केला. “हे ऱ्हाऊ द्या माझ्याकडं.”

मातीविना माती

या पदार्थाला इंग्रजीतून आलेलं ‘मेटल क्ले’ हेच नाव सगळीकडे चालतं. आमच्या वर्गात आम्ही तिला ‘चांदीची माती’ म्हणायचो, पण तिच्यात मातीचा कणही नाही. चांदीची अत्यंत बारीक भुकटी, ती धरून ठेवणारा सेंद्रिय चिकट पदार्थ आणि थोडं पाणी, एवढंच तिच्यात असतं. कुंभाराच्या मातीला चिकटपणा तिच्या स्वतःच्या चपट्या कणांमुळे येतो. इथे तो उसना आणलेला असतो आणि भट्टीत जळून जातो. मागे उरते ती ९९९ कसाची, म्हणजे जवळजवळ निखळ चांदी.

तिचा जन्म जपानचा. मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीतले संशोधक मासाकी मोरिकावा यांनी १९९० मध्ये ती तयार केली. धातूची भुकटी दाबून, तापवून वस्तू घडवण्याचं तंत्र कारखान्यांना आधीपासून माहीत होतं. यंत्रांचे कितीतरी सुटे भाग तसेच होतात. मोरिकावांनी ते तंत्र माणसाच्या बोटांपर्यंत आणलं. ‘प्रेशस मेटल क्ले’ या नावाने ती बाजारात आली आणि ‘पीएमसी’ हे तिचं घरगुती नाव झालं. पुढे जपानच्याच आयदा केमिकल इंडस्ट्रीजची ‘आर्ट क्ले सिल्व्हर’ आली. १९९० च्या दशकाच्या मध्यात ही माती अमेरिकेत पोहोचली. तिथले धातुकार आणि शिक्षक टिम मॅक्रेट यांनी ती हाताळून पाहिली, इतर कलावंतांच्या हाती दिली आणि २००० मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐरणीपाशी बसलं नव्हतं अशी माणसं त्यानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दागिने करू लागली.

माझाही त्यातच समावेश. आमच्याकडे सोनाराशी नातं होतं ते गिऱ्हाइकाचं. आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या झाल्या, आईच्या एका बांगडीतून माझं मंगळसूत्र झालं. पण दुकानाच्या काउंटरपलीकडे काय घडतं ते आम्ही कधी पाहिलं नाही. हे काम घराण्यात शिकायचं, वडिलांच्या हाताखाली आणि लहानपणापासून. बायकांनी दागिना अंगावर घालावा, घडवायचा कुणीतरी दुसऱ्याने, हे इतकं मुरलेलं होतं की त्यात काही खटकण्यासारखं आहे हे मला पन्नाशीपर्यंत सुचलं नाही.

लाटणं, पट्ट्या आणि आरसा

पुण्यात एका बाईंच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही चौघी शिकायला जायचो. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीसमोर २० ग्रॅमची पुडी ठेवली. सुपारीएवढा पांढुरका गोळा. चांदी म्हणून कुणालाही ओळखू येणार नाही, आणि किंमत मात्र तेवढ्या वजनाच्या चांदीहून कितीतरी अधिक. बाईंनी एकच बजावलं. “पुडी फोडली की घड्याळ सुरू झालं असं समजा.”

माती वाऱ्याने भराभर सुकते. हाताला तेलाचं बोट लावायचं, फार नाही, नाहीतर ते थरांमध्ये शिरतं आणि तिथेच पुढे चीर पडते. दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या गड्डीतली सारखी पानं ठेवायची आणि त्यांवरून लाटणं फिरवायचं, म्हणजे पोळी सगळीकडे एका जाडीची होते. चार पानांची जाडी पदकाला, तीन पानांची कानातल्याला. अॅल्युमिनियमचं भांडं किंवा अवजार जवळ आणायचं नाही, चांदीच्या मातीशी त्याचं जमत नाही. आणि एकदा या कामाला घेतलेलं लाटणं पुन्हा पोळपाटावर जायचं नाही.

मग नक्षी. सोनाराला ठसा लागतो, साचा लागतो, पोलादात कोरलेला. इथे ओल्या मातीवर जे दाबाल त्याची खूण उमटते. माझ्याशेजारच्या मैत्रिणीने आईच्या इरकली साडीचा काठ दाबला. दुसरीने तांदळाचे दाणे. तिसरीने आपल्या नातवाचा अंगठा. तो अंगठा भट्टीतून बाहेर आला तेव्हा त्यावरची प्रत्येक रेघ शाबूत होती. चांदीवर इतकी बारीक खूण उमटवायला कोरक्याला किती दिवस लागले असते, या विचाराने आम्ही गप्प झालो.

वाळलेला तुकडा खडूसारखा होतो आणि खऱ्या अर्थाने हातात येतो तेव्हाच. त्याला कानसता येतं, पॉलिश पेपरने घासता येतं, सुईने कोरता येतं. धातू झाल्यावर जे घासायला तास लागेल ते आता पाच मिनिटांत होतं. चीर दिसली तर पाण्यात कालवलेल्या मातीची पातळ लाही भरायची. दोन भाग जोडायचे तर हीच लाही डाक म्हणून लावायची. घासताना पडलेली भुकटी कागदावर गोळा करून डबीत ठेवायची, थोडं पाणी घातलं की तिचीच पुन्हा लाही होते. पूर्वी झारेकरी सोनाराच्या दुकानापुढची धूळ आणि शेगडीतली राख धुऊन त्यातला सोन्याचा कण वेचायचे. आमचा झारेकरी आम्हीच.

पूर्ण वाळलं की नाही हे पाहायला बाईंकडे एक जुना आरसा होता. कोमट केलेला तुकडा थंड काचेवर ठेवायचा आणि उचलायचा. काचेवर दमट डाग दिसला तर आत अजून ओल आहे. ओल राहिलेला तुकडा विस्तवावर गेला तर वाफ होऊन फुगतो, फुटतो. कुंभारही ओलं मडकं आव्यात घालत नाही.

नरहरी सोनाराचं माप

या कामातली सगळ्यांत अवघड शिकवण मापाची. कुंभाराच्या मडक्यासारखाच इथला दागिनाही भाजल्यावर आटतो, कारण पाणी जातं, चिकट पदार्थ जळतो आणि कण एकमेकांजवळ सरकतात. मित्सुबिशीची पहिली माती जवळपास २८ टक्के आटायची. १० सेंटिमीटरची पट्टी केली तर हाती ७.२ सेंटिमीटरच यायची. नंतरच्या सुधारित माती ८ ते १२ टक्के आटतात.

१० टक्के म्हणजे फार नाही असं ऐकताना वाटतं. पण आटणं लांबीत होतं, रुंदीत होतं आणि जाडीतही होतं. तिन्हीकडून दहावा भाग गेला की आकारमान २७ टक्क्यांनी घटतं. बोटाचा घेर ५४ मिलिमीटर असेल तर अंगठी ६० मिलिमीटर घेराची करायची. म्हणजे जी दिसायला आज चुकीची आहे, तीच उद्या बरोबर होणार. डोळ्यांना हे पटत नाही. पहिल्या तीन अंगठ्या मी माझ्याही नकळत ‘सुधारल्या’ आणि तिन्ही माझ्या करंगळीत अडकल्या.

त्या दिवसांत मला पंढरपूरच्या नरहरी सोनारांची आख्यायिका आठवायची. ते शिवभक्त, विठ्ठलाचं दर्शन घेणार नाहीत. एका सावकाराने नवस फेडायला विठ्ठलासाठी कमरेची सोन्याची साखळी करायला सांगितली. सावकाराने आणलेल्या मापाने नरहरींनी ती घडवली, पण देवाच्या कमरेला ती बसेना. पुन्हा केली, पुन्हा चुकली. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले, आणि हाताला शंकराच्या खुणा लागल्या. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. कीर्तनकार या कथेतून हरिहर ऐक्य सांगतात आणि ते खरंच आहे. पण हातात अंगठीचं माप घेऊन बसल्यावर मला तिच्यात कारागिराचं दुःखही ऐकू येऊ लागलं. दुसऱ्याने आणलेल्या मापावर आणि आपल्या डोळ्यांच्या सवयीवर विसंबलं की काम चुकतं. मापाला स्वतःचा हात लावावा लागतो. त्यानंतर मी प्रत्येक पुडीतली एक छोटी पट्टी आधी भाजून बघू लागले, आटली किती ते मोजपट्टीने मोजू लागले आणि वहीत लिहू लागले.

गोरोबाकाकांचं थापटणं

आता विस्तवाकडे येते, कारण माझं पान तिथेच कच्चं राहिलं होतं.

चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मातीतली चांदी त्याखालीच भाजायची असते. जातीनुसार ६५० अंशांना अर्धा तास, तर ९०० अंशांना दोन तास. चांदी वितळतच नाही, तर भुकटीचा धातू होतो कसा? पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाहा. खडे विरघळलेले नसतात, पण एकमेकांना धरून बसतात आणि चमचा घातला तर ढेकूळ निघतं. तिथे ओल हे काम करते, इथे उष्णता. तापलेल्या कणांच्या पृष्ठभागावरचे अणू हलू लागतात. दोन कण जिथे टेकतात तिथे त्यांच्यात एक बारीकशी मान तयार होते. ती मान जाड होत जाते, मधल्या पोकळ्या लहान होत जातात आणि सुटे कण एकजीव होतात. वेळ आणि उष्णता यांतलं काहीही कमी पडलं तर माना बारीकच राहतात. वरून घासल्यावर असा तुकडा चकाकतो, पण वाकवला की माना तुटतात.

छोटा तुकडा हातातल्या गॅस टॉर्चनेही भाजता येतो. ज्योत फिरवत राहायची. आधी थोडा धूर, मग चिकट पदार्थ पेटल्याची लहानशी ज्वाला, ती विझली की तुकडा पांढराफटक. मग तो हळूहळू तांबूस-नारिंगी होतो, पिकलेल्या पपईच्या गरासारखा. हा रंग काही मिनिटं टिकवायचा. पृष्ठभाग आरशासारखा चमकायला लागला तर ज्योत ताबडतोब मागे घ्यायची, कारण चांदी वितळायच्या बेतात आहे.

माझी चूक काय झाली ते आण्णांच्या कामाच्या खोलीत गेल्यावर कळलं. खोलीत एकच झरोका होता आणि शेगडीचा कोपरा काळोखा. मला आधी वाटलं, जुनं घर, उजेड कमी. आण्णांनी चांदीचा तुकडा विटेवर ठेवला आणि फुंकणीतून ज्योतीचा झोत त्याच्यावर वळवला. अंधारात त्याचा रंग चढत गेला, काळसर, लालसर, मग केशरी. “आता दार उघडा,” ते म्हणाले. मी दार उघडलं. ऊन आत आलं आणि तोच तुकडा पुन्हा साधा करडा दिसू लागला. तापमान तेच होतं, फक्त त्याचा रंग उजेडात हरवला होता.

मी माझं पान भर दुपारी घराच्या गॅलरीत भाजलं होतं. रंग दिसेना म्हणून अंदाजाने थांबले. शिवाय टॉर्चने भाजायचे तुकडे नाण्याएवढे असावे लागतात, पान त्याहून मोठं होतं. एका टोकाला ज्योत न्यावी तर दुसरं टोक निवत होतं.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. संतांचा मेळा जमला होता, मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकी सगळे निमूट बसले. नामदेव मात्र दुखावले आणि गोरोबांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. लहानपणी मला नामदेवांची बाजू खरी वाटायची. इतक्या मोठ्या भक्ताला असं चारचौघांत का म्हणावं? पण त्या एका शब्दानेच नामदेव गुरू शोधायला निघाले आणि विसोबा खेचरांपाशी पोहोचले. परीक्षा घेणाऱ्याच्या हातात थापटणं असतं तेव्हा तो मडक्याचं भलंच करत असतो. आण्णांनी माझं पान वाकवून मोडलं नसतं तर मी ते गळ्यात घालून मिरवलं असतं. ते कधीतरी रस्त्यात तुटून पडलं असतं आणि मी दोष मातीला दिला असता.

घडीव, ओतीव आणि भाजीव

आण्णांकडे मग मी वरचेवर जाऊ लागले. त्यांना मातीचं कुतूहल होतं आणि शंकाही होत्या, त्या रास्तच होत्या.

घडीव चांदी हातोडीखाली ठोकून दाट झालेली असते. आण्णा आधी चांदी मुशीत आटवतात, पट्टी पाडतात, जंतरातून तार ओढतात, मध्येमध्ये तापवून मऊ करतात. या ठोकण्या-ओढण्यातून धातूला जी ताकद येते ती भाजलेल्या भुकटीला येत नाही. नीट भाजलेल्या मातीतही सूक्ष्म पोकळ्या राहतातच. म्हणून बारीक तारेचं काम, रोज वाकणारा फासा, पैंजणाची कडी किंवा नाजूक अंगठी मातीची करू नये. जिथे ताण येतो तिथे घडीव धातूच हवा. उलट जिथे पृष्ठभाग बोलका हवा, फुगीर पोकळ मणी हवा, झाडाच्या सालीचा खरखरीतपणा हवा, तिथे माती सहज जिंकते. पोकळ मण्यासाठी आत बुचाच्या भुशाचा गोळा ठेवतात आणि तो भट्टीत जळून जातो.

खड्यांचंही असंच. क्युबिक झिर्कोनियाचे कृत्रिम खडे मातीत बसवून थेट भाजता येतात. मोती आणि पोवळी विस्तवात टिकत नाहीत. नथ करायची तर घडीव तार हवी आणि मोती शेवटी ओवायचे, हे आण्णांनी मी न विचारताच सांगितलं होतं.

दुसऱ्या धातूंच्या माती पुढे आल्या. अमेरिकेतल्या बिल स्ट्रूव्ह यांनी २००८ मध्ये ब्राँझची माती आणली, पाठोपाठ तांब्याची आली. हे धातू हवेत तापवले की काळे पडतात आणि कण जुळण्याआधीच त्यांच्यावर थर चढतो. म्हणून ते डब्यात, कोळशाच्या भुग्यात पुरून भाजतात. त्यासाठी वापरला जाणारा उत्तम कोळसा करवंटीचा. हे सांगितल्यावर आण्णांना प्रथमच ही विद्या ओळखीची वाटली असावी. करवंटीचा कोळसा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

मी एकदा भीतभीत विचारलं, ही माती आली म्हणून तुमच्यासारख्यांचं काम जाईल का? आण्णांनी थोडा विचार केला. म्हणाले, “साच्याची मशिनं आली तवा बी असंच म्हनत हुते. ज्येला हात हाय त्येला काम हाय.” मला इतकी खात्री देता येत नाही. हुपरीतल्या घराघरांत पट्टी पाडणारा एक, घुंगरू जोडणारा दुसरा, पॉलिश करणारा तिसरा अशी जी साखळी आहे तिच्यापुढचे प्रश्न माझ्या २० ग्रॅमच्या पुडीहून खूप मोठे आहेत. पण एवढं मी अनुभवाने सांगते: मातीने मला सोनाराच्या दारापर्यंत आणलं. आधी मी दागिन्याला भाव विचारायची. आता एका कडीला किती वेळा विस्तव लागतो ते विचारते, आणि मजुरीत घासाघीस करायला जीभ वळत नाही.

दसऱ्याचं सोनं

दुसरं पान मी दसऱ्याच्या आधी करायला घेतलं. आपट्याचंच, कारण कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेराने ज्या झाडावर मोहरांचा पाऊस पाडला त्या झाडाचं पान आपण वर्षातून एकदा सोनं म्हणून वाटतो. ते खरोखर धातूचं व्हावं अशी माझी जुनी इच्छा होती.

त्याची रीत अशी. ताजं पान घ्यायचं, पालथं ठेवायचं, कारण शिरा खालच्या बाजूला उठून दिसतात. मातीची लाही मऊ कुंचल्याने लावायची. पहिले दोन-तीन हात अगदी पातळ, म्हणजे शिरांच्या कडेकडेने लाही नीट बसते. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. मी एकूण चौदा हात दिले आणि त्याला तीन दिवस लागले. देठाशी थोडी जाड माती लावून तिथे भोक ठेवलं. आरशावर ठेवून पाहिलं. काच कोरडी.

या वेळी बाईंच्या विजेच्या भट्टीत ९०० अंशांना दोन तास. आतलं खरं पान पहिल्या काही मिनिटांतच जळून गेलं असेल. भट्टी निवल्यावर दार उघडलं तर आत दुधासारखं पांढरं पान होतं. भाजल्यावर चांदीचा पृष्ठभाग असा खडबडीत असतो की त्यावरचा उजेड विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. पितळी तारांच्या ब्रशने पाण्याखाली घासायला लागले तसा पांढरेपणा मागे हटला आणि शिरांमागून शिरा उजळत आल्या. झाडावरून तोडलं होतं त्याहून ते थोडं लहान होतं. वहीत लिहिलं होतं तेवढंच लहान.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी हुपरीला गेले. आण्णांनी पान घेतलं आणि काही न बोलता ऐरणीवर टाकलं. टण्ण असा लहानसा, मोकळा आवाज आला. मग तेच दोन अंगठे. माझा श्वास अडकला होता. पानाचा एक भाग हळूहळू वाकला आणि वाकलेलाच राहिला. चीर नाही, कण नाही.

“आता पक्कं,” आण्णा म्हणाले.

मी पिशवीतून तयार कडी काढली, पानाला अडकवायला दुकानातून आणलेली. त्यांनी ती बाजूला सारली आणि शेगडीजवळच्या डबीतून कागदाची पुडी काढली. आत चांदीच्या तारेची एक कडी होती, साधी, गोल, मुगाच्या दाण्यासारखी नितळ. माझ्या पहिल्या पानाचे तुकडे त्यांनी मुशीत आटवले होते, जंतरातून तार ओढली होती आणि ही कडी वळून ठेवली होती. मी पुन्हा पान घेऊन येईन हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं.

कडी त्यांनी भोकातून घातली, टोकांना टाकणखार लावला आणि डाकाचा कण ठेवून क्षणभर ज्योत धरली. मग पान माझ्या तळहातावर ठेवलं. पानाला आलेला त्यांच्या अंगठ्याचा बाक मी सरळ केलेला नाही.